फोर्ट मोसे : फ्लोरिडातलं मोकळ्या आफ्रिकी माणसांचं गाव

१६८७ च्या ऑक्टोबरात फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरच्या सान आगुस्तीन या स्पॅनिश गावात एक बोट येऊन लागली. बोटीत आठ पुरुष, दोन बायका आणि अजून अंगावर पिणारं तीन वर्षांचं एक लेकरू. सगळे आफ्रिकी. उत्तरेकडच्या कॅरोलिना या इंग्रज वसाहतीत ते गुलाम होते आणि मालकांच्या तावडीतून निसटून दक्षिणेला आले होते. स्पॅनिश गव्हर्नर दिएगो दे किरोगा याच्यासमोर त्यांनी मागणी मांडली ती एकच : आम्हाला तुमच्या धर्मात घ्या, बाप्तिस्मा द्या.

त्या पुरुषांची नावं कागदोपत्री राहिली आहेत. कोनानो, जेसी, जाक, ग्रान दोमिंगो, कांबो, मिंगो, डिक, रोबी. इंग्रज मालकांनी ठेवलेली नावं स्पॅनिश कारकुनाने कानाला जशी लागली तशी उतरवून घेतली असावीत, हे वाचतानाच कळतं. किरोगाने त्यांना ठेवून घेतलं. बाप्तिस्मा झाला, लग्नं लागली, कामं मिळाली. काही जण लोहारकामाला लागले, काही दगडी किल्ल्याच्या बांधकामावर, बायका गव्हर्नरच्या घरी. पुरुषांना दिवसाला एक पेसो मजुरी, बायकांना त्याच्या निम्मी. पुढच्याच वर्षी कॅरोलिनातून विल्यम डनलॉप नावाचा अधिकारी त्यांना परत न्यायला आला. किरोगाने त्याला सांगितलं की ही माणसं आता ख्रिस्ती झाली आहेत, संसाराला लागली आहेत, आमच्या कामाची आहेत. माणसं मिळणार नाहीत, हवी तर किंमत मिळेल.

इथे कुणीही अडखळेल. याच स्पॅनिश साम्राज्याच्या अमेरिकेतल्या वसाहतींत थेट आफ्रिकेतून आणि इतर वसाहतींमार्गे मिळून सुमारे २० लाख आफ्रिकी माणसं गुलाम म्हणून उतरवली गेली. क्यूबातली गुलामगिरी तर १८८६ पर्यंत संपली नव्हती. खुद्द सान आगुस्तीनच्या त्या किल्ल्यावर राजाच्या मालकीचे गुलाम राबत होते. मग त्याच गावाने इंग्रजांच्या गुलामांना आसरा कसा दिला? आणि त्या आसऱ्यातून पुढे मोकळ्या आफ्रिकी माणसांचं, त्यांच्याच कप्तानाच्या हाताखालचं गाव कसं उभं राहिलं? हे समजून घ्यायचं तर तीन धागे सोडवावे लागतात : स्पेनचा कायदा, सरहद्दीचं राजकारण, आणि तिसरा, माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा, त्या माणसांनी स्वतः केलेली धडपड.

सुरुवात १६१९ च्या आधीची

अमेरिकेतल्या आफ्रिकी लोकांचा इतिहास बहुतेक ठिकाणी १६१९ पासून सांगितला जातो. त्या वर्षी व्हर्जिनियाच्या इंग्रज वसाहतीत वीसेक आफ्रिकी बंदी उतरवले गेले. पण सान आगुस्तीन वसलं १५६५ मध्ये, म्हणजे त्याच्या ५४ वर्षं आधी, आणि पहिल्या दिवसापासून त्या गावात आफ्रिकी वंशाची माणसं होती. काही गुलाम, काही मोकळी.

मोकळ्यांपैकी एक होती लुईसा दे आब्रेगो. सेविल शहरात घरकाम करणारी ही स्त्री स्वतःच्या पायावर समुद्र ओलांडून आली आणि १५६५ मध्येच सान आगुस्तीनमध्ये तिने मिगेल रोद्रिगेस या स्पॅनिश सैनिकाशी लग्न केलं. आज जी अमेरिकेची मुख्य भूमी आहे तिथलं, लेखी पुरावा असलेलं हे पहिलं ख्रिस्ती लग्न मानलं जातं. पुरावा राहिला तो पुढे मेक्सिकोत धर्मन्यायालयासमोर तिचं प्रकरण चाललं म्हणून. त्याहीआधी, १५१३ मध्ये पोन्से दे लेओन फ्लोरिडाच्या किनाऱ्याला लागला तेव्हा त्याच्या माणसांत हुआन गार्रिदो हा मोकळा आफ्रिकी होता. पुढे त्याने मेक्सिकोत गहू पेरला आणि १५३८ मध्ये आपल्या कामगिरीची जंत्री देऊन राजाकडे बक्षिसाचा अर्जही केला.

या दोघांकडे पाहून स्पॅनिश जग उदार होतं असा समज करून घेणं चूक ठरेल. गावाचा संस्थापक पेद्रो मेनेन्देस दे आविलेस याच्या करारातच ५०० गुलाम आणण्याचा परवाना होता. प्रत्यक्षात तेवढे आले नाहीत, एवढंच. खुद्द स्पेन आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसं धरायला सहसा जात नसे. १४९४ च्या तोर्देसिल्यासच्या तहानुसार तो किनारा पोर्तुगीजांच्या वाट्याला गेला होता. म्हणून स्पेनचा राजा गुलाम पुरवण्याचा मक्ता देत असे. त्याला ‘असिएन्तो’ म्हणत. आधी पोर्तुगीज, नंतर इतर देशांचे व्यापारी आणि १७१३ नंतर खुद्द इंग्रज कंपनीने हा मक्ता चालवला. १५८० ते १६४० या काळात तर स्पेन आणि पोर्तुगाल एकाच राजाच्या हाती होते. म्हणजे मोझांबिकचे गुलाम गोव्याच्या धक्क्यावर उतरत होते आणि अंगोलातले आजच्या कोलंबियातल्या कार्ताहेनाच्या, तेव्हा दोन्ही बंदरं एकाच सिंहासनाखाली होती.

कायद्यातली फट

स्पेनमध्ये तेराव्या शतकात, दहाव्या अल्फोन्सो राजाच्या काळात, ‘सिएते पार्तिदास’ नावाची मोठी कायदेसंहिता तयार झाली. नावाचा अर्थ ‘सात भाग’. जुन्या रोमन कायद्यातून आलेला एक विचार या संहितेत होता : गुलामगिरी ही माणसाच्या निसर्गाविरुद्धची गोष्ट आहे, ती परिस्थितीने लादली जाते. त्यामुळे गुलाम म्हणजे निव्वळ वस्तू, असं स्पॅनिश कायदा म्हणत नसे. गुलामाला लग्न करता येई. अतिरेकी छळ झाला तर न्यायालयात तक्रार करता येई. त्याला स्वतःची पुंजी साठवता येई आणि ती मालकाच्या हातावर ठेवून स्वातंत्र्य विकत घेता येई. क्यूबासारख्या ठिकाणी याचीच हप्त्याची पद्धत रूढ झाली, तिला ‘कोआर्तासिओन’ म्हणत : एकदा किंमत ठरली की मालकाला ती वाढवता येत नसे, गुलाम थोडे थोडे पैसे भरत जाई.

कागदावरचं हे सगळं ऊसमळ्यातल्या किंवा खाणीतल्या माणसापर्यंत क्वचितच पोचायचं. शहरातल्या सुताराला, लोहाराला, बाजारात बसणाऱ्या बाईला त्याचा उपयोग व्हायचा, कारण त्यांच्या हातात चार पैसे खेळायचे आणि जवळच लेखनिक असायचा. म्हणून स्पॅनिश बंदरांत मोकळ्या आफ्रिकी लोकांच्या वस्त्या वाढल्या. त्यांनी संतांच्या नावाने मंडळं काढली, आजाऱ्याची आणि मयताची सोय पाहिली, लष्करी पथकं उभारली. सान आगुस्तीनमध्ये १६८३ मध्येच कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय पुरुषांचं पथक तयार झालं होतं.

इंग्रज वसाहतींत ही फटही बुजवली जात होती. व्हर्जिनियाने १६६७ मध्ये कायदाच केला की बाप्तिस्मा घेतल्याने गुलामाची स्थिती बदलत नाही. कॅरोलिनाने आपले कायदे बार्बाडोसच्या ऊसमळ्यांवरून घेतले, आणि तिथे गुलाम म्हणजे मालकाची मत्ता, एवढाच हिशेब होता.

आता एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट. बाप्तिस्मा घेतला की गुलाम मोकळा होतो, असा नियम स्पेनमध्येही नव्हता. स्पॅनिश मालकांचे सगळे गुलाम बाप्तिस्मा घेतलेलेच असत आणि तरीही आयुष्यभर गुलाम राहत. मोकळीक मिळाली ती फक्त शत्रूच्या, म्हणजे प्रोटेस्टंट इंग्रजांच्या मळ्यातून पळून येणाऱ्याला. त्याचं कारण कायद्यात सापडत नाही, नकाशात सापडतं.

नकाशा पाहिला की कळतं

सान आगुस्तीन हे स्पॅनिश साम्राज्याच्या वेशीवरचं गाव. सोनं नाही, चांदी नाही, मोठे मळे नाहीत. मेक्सिकोहून वर्षाला येणाऱ्या सरकारी मदतीवर चूल पेटायची आणि ती मदत कधी वेळेवर यायची नाही. पण खजिन्याने भरलेली स्पॅनिश जहाजं याच किनाऱ्याजवळून, समुद्राच्या प्रवाहावर स्वार होऊन युरोपला परतत. त्यामुळे हा कोपरा सोडून देणं स्पेनला परवडणारं नव्हतं.

१६७० मध्ये इंग्रजांनी कॅरोलिना वसवली आणि धोका दाराशी आला. दोनच वर्षांनी स्पेनने लाकडी किल्ला सोडून दगडी किल्ला बांधायला घेतला, तो कास्तिलो दे सान मार्कोस. समोरच्या बेटावर शिंपल्यांचे थर दाबले जाऊन बनलेला, भोकाभोकांचा मऊसर दगड मिळतो. हात फिरवला तर शिंपल्यांच्या कडा बोटाला लागतात. या दगडाची गंमत अशी की तोफेचा गोळा लागला तर तो तडकत नाही, गोळा त्याच्यात रुतून बसतो. १६९५ मध्ये किल्ला पुरा झाला. पण किल्ला लढवायला माणसं हवीत, आणि माणसं हीच या गावाची कायमची टंचाई.

तिकडे कॅरोलिनात भातशेती फोफावत होती आणि तिच्यासाठी आफ्रिकेतून माणसं आणली जात होती. १७०८ पर्यंत तिथे गोऱ्यांपेक्षा कृष्णवर्णीयांची संख्या जास्त झाली. एकेक गुलाम पळाला की इंग्रजांचा एक हात कमी आणि स्पॅनिशांचा एक वाढला. हा हिशेब माद्रिदला कळायला वेळ लागला नाही. ७ नोव्हेंबर १६९३ रोजी दुसऱ्या कार्लोस राजाने फर्मान काढलं की पळून आलेल्या सर्वांना, पुरुषांना आणि स्त्रियांनाही, स्वातंत्र्य द्यावं, म्हणजे त्यांचं उदाहरण आणि माझं औदार्य पाहून इतरही तसंच करतील. शेवटचं वाक्य नीट वाचलं तर फर्मानाचा हेतू त्यातच आहे. इतरांनीही पळून यावं, हीच त्यामागची इच्छा होती.

पण हे फर्मान निघण्याच्या सहा वर्षं आधीच ती बोट आली होती, हे विसरता कामा नये. राजाने धोरण आखलं आणि मग माणसं आली, असं घडलं नाही. आधी माणसं आली, त्यांनी बाप्तिस्मा मागितला, गव्हर्नरला काय करावं ते सुचेना म्हणून त्याने माद्रिदला विचारणा केली, आणि त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून फर्मान निघालं. कॅरोलिनातल्या गुलामांना स्पॅनिशांची नेमकी नस कळली होती.

फ्रान्सिस्को मेनेन्देसचे अर्ज

फर्मान निघालं म्हणून स्वातंत्र्य मिळालं, असंही नाही. इथून पुढची गोष्ट एका माणसाभोवती फिरते आणि मला ती सगळ्यांत जवळची वाटते.

पश्चिम आफ्रिकेतल्या मांडिंगा समाजात जन्मलेला हा माणूस गुलाम म्हणून कॅरोलिनात आला. १७१५ मध्ये यामासी या मूळ रहिवासी जमातीने इंग्रजांविरुद्ध युद्ध पुकारलं तेव्हा तो त्यांच्या बाजूने लढला. यामासी हरले आणि दक्षिणेकडे सरकले, त्यांच्यासोबत तोही सान आगुस्तीनला पोचला. पण तिथे ‘मॅड डॉग’ या नावाने नोंदलेल्या एका मूळ रहिवाशानेच त्याला आणि त्याच्या सोबत्यांना स्पॅनिशांना विकून टाकलं. ज्या गावात मोकळं होण्याची आशा धरून आला, तिथे तो पुन्हा गुलाम झाला. विकत घेणारा होता राजाचा हिशेबनीस, आणि त्याच्याच नावावरून याचं नाव पडलं फ्रान्सिस्को मेनेन्देस.

त्या काळात गव्हर्नर होता आंतोनियो दे बेनाविदेस. १७२४ मध्ये आणखी दहा जण पळून आले. त्यांना फर्मानाची माहिती होती, त्यासाठीच तर आले होते. पण कॅरोलिनाच्या मालकांचा दबाव वाढला, तेव्हा बेनाविदेसने त्यांचा लिलाव केला आणि आलेले पैसे इंग्रज मालकांना भरपाई म्हणून दिले. विकत घेणारे गावातलेच वजनदार लोक होते.

मेनेन्देस मात्र गप्प बसला नाही. १७२६ मध्ये त्याला गुलामांच्या पथकाचा कप्तान नेमलं गेलं. १७२८ मध्ये कर्नल पामरच्या हाताखाली कॅरोलिनाच्या फौजेने हल्ला केला तेव्हा हे पथक लढलं आणि त्याची दखल थेट राजाने घेतली. १७३३ मध्ये नवी फर्मानं आली : इंग्रजांना भरपाई देऊ नका, आणि चार वर्षं सरकारी चाकरी केली की पळून आलेल्यांना मोकळीक द्या. तरीही सान आगुस्तीनमध्ये काही हललं नाही. मेनेन्देस अर्जामागून अर्ज करत राहिला. गव्हर्नरकडे खेटे, बिशपकडे अर्ज. कायद्याची, फर्मानांची, केलेल्या लढायांची जंत्री. आपण गुलाम आहोत हे चूक आहे, आणि ते तुमच्याच राजाच्या शब्दावरून चूक आहे, एवढा एकच मुद्दा तो पुन्हा पुन्हा मांडत राहिला. यामासींचा प्रमुख होर्हे यानेही त्याच्या बाजूने साक्ष दिली की ही माणसं आमच्या खांद्याला खांदा लावून लढली आणि त्यांना विकणं हा अन्याय होता.

अखेर मानुएल दे मोंतियानो हा नवा गव्हर्नर आला. त्याने सगळी कागदपत्रं तपासली. ज्या मालकांनी ही माणसं विकत घेतली होती त्यांनी आरडाओरडा केला, पण मोंतियानोने त्यांचं म्हणणं धुडकावलं. १५ मार्च १७३८ रोजी मेनेन्देस आणि त्याचे साथीदार बिनशर्त मोकळे झाले.

काटेरी खंदकातलं गाव

मोकळ्या झालेल्या माणसांसाठी मोंतियानोने सान आगुस्तीनच्या उत्तरेला सुमारे तीन किलोमीटरवर जागा दिली. नाव : ग्रासिया रेआल दे सांता तेरेसा दे मोसे. ‘ग्रासिया रेआल’ म्हणजे राजाची कृपा, सांता तेरेसा ही गावाची संत, आणि मोसे हे त्या जागेचं आधीपासूनचं नाव. लोकांच्या तोंडी उरलं ते फक्त मोसे. सुरुवातीला ३८ पुरुष, बहुतेक लग्न झालेले, म्हणजे बायकामुलं धरून शंभरेक माणसं. आजच्या अमेरिकेच्या भूमीवर कायद्याने मान्य असलेली मोकळ्या कृष्णवर्णीयांची ही पहिली वस्ती.

गावाला चौकोनी मातीचा किल्ला होता, चारी कोपऱ्यांना बुरुज, भोवती खंदक. खंदकाच्या कडेने धारदार टोकाच्या पानांची काटेरी झुडपं लावलेली. आत विहीर, घर, टेहळणीचा बुरूज. बाहेर शेतं, आणि शेतांतून जाणारी भरती-ओहोटीची खाडी. पहिलं पीक हाती येईपर्यंत मका, बिस्किटं आणि गोमांस सरकारी कोठारातून मिळालं. बदल्यात त्यांनी शपथ घेतली की आम्ही इंग्रजांचे सगळ्यांत क्रूर शत्रू राहू आणि रक्ताच्या शेवटच्या थेंबापर्यंत लढू.

मोसेची जागा मुद्दाम निवडलेली होती. उत्तरेकडून येणाऱ्या इंग्रजांना सान आगुस्तीन गाठायचं तर आधी मोसे लागणार. राजाने स्वातंत्र्य दिलं, पण उभं केलं तोफेच्या तोंडी. हे त्या माणसांना कळत नसेल असं कुणी समजू नये. पण इंग्रज जिंकले तर आपलं काय होईल हे सान आगुस्तीनमधल्या कुठल्याही स्पॅनिश माणसापेक्षा त्यांना जास्त ठाऊक होतं. ती शपथ त्यांनी मनापासूनच घेतली असणार.

बातमी कॅरोलिनात पोचायला वेळ लागला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात पोर्ट रॉयलहून २३ गुलाम पळून आले, त्यांतले १९ कॅलेब डेव्हिस या एकाच व्यापाऱ्याचे. डेव्हिस त्यांना परत न्यायला सान आगुस्तीनला आला. त्याला ते दिसले. पण नेता आलं नाही, आणि त्याची ती निष्फळ खटपट पाहून ते त्याच्या तोंडावर हसले. या सगळ्या इतिहासात हसण्याची नोंद फार थोड्या ठिकाणी आहे, म्हणून ही इथे सांगावीशी वाटली.

१७३९ च्या सप्टेंबरात कॅरोलिनात स्टोनो नदीजवळ गुलामांचा मोठा उठाव झाला. उठाव करणाऱ्यांत काँगो प्रदेशातले बरेच होते. काँगोच्या राजघराण्याने दोन शतकांपूर्वीच कॅथलिक धर्म स्वीकारला होता, त्यामुळे स्पॅनिशांचा धर्म त्यांना परका नव्हता. शस्त्रं मिळवून, ढोल वाजवत ते दक्षिणेला, फ्लोरिडाच्या दिशेने निघाले. वाटेत त्यांनी वीसहून अधिक गोरे मारले. फौजेने त्यांना गाठलं आणि उठाव चिरडला. दुसऱ्या वर्षी कॅरोलिनाने गुलामांविरुद्ध आणखी कडक कायदा केला.

१७४० ची पहाट

१७४० मध्ये जॉर्जिया वसाहतीचा संस्थापक जेम्स ऑगलथॉर्प मोठी फौज घेऊन सान आगुस्तीनवर चालून आला. मोंतियानोने मोसेच्या लोकांना दगडी किल्ल्यात बोलावून घेतलं. रिकामं मोसे इंग्रजांनी ताब्यात घेतलं. तिथल्या तुकडीवर हाच तो कर्नल पामर होता. २६ जून १७४० ला, उजाडायच्या आत, स्पॅनिश सैनिक, मूळ रहिवासी योद्धे आणि मेनेन्देसचं पथक यांनी मोसेवर झडप घातली. (इंग्रजी कागदांत हाच दिवस १५ जून असा आहे. इंग्रजांनी तेव्हा नवी दिनदर्शिका स्वीकारली नव्हती, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या तारखांत ११ दिवसांचं अंतर पडतं.) हातघाईची लढाई झाली. पामर ठार झाला आणि सुमारे ७० इंग्रज मेले. आपल्या गावातली प्रत्येक वाट ठाऊक असलेली माणसं अंधारात लढत होती. पुढच्या महिन्यात ऑगलथॉर्प वेढा उठवून परत गेला.

सान आगुस्तीन वाचलं, मोसे मात्र उद्ध्वस्त झालं. मेनेन्देसने राजाला स्वतःच्या हाताने दोन अर्ज लिहिले की कप्तान म्हणून माझं वेतन द्या. नंतर तो स्पॅनिश लुटारू जहाजावर चढला. १७४१ च्या जुलैमध्ये इंग्रजांनी ते जहाज पकडलं. मोसेचा कप्तान हाती लागल्याचं कळल्यावर त्यांनी त्याला तोफेला बांधलं, खच्ची करण्याची धमकी दिली आणि २०० फटके मारले. मग बहामात न्यायालयासमोर उभं केलं. तिथे त्याच्या विरोधात युक्तिवाद झाला तो असा की याचा रंग आणि चेहरामोहराच सांगतो हा गुलाम आहे. राजाने मोकळा केलेला, लष्करातला कप्तान, लिहिता येणारा माणूस लूट म्हणून विकला गेला.

तो कसा सुटला हे नक्की कळत नाही, पण १७५२ मध्ये मेनेन्देस पुन्हा मोसेच्या नेतृत्वावर दिसतो.

याच वर्षी नवा गव्हर्नर फुल्हेन्सियो गार्सिया दे सोलिस याने मोसे परत वसवायचं ठरवलं. गेली बारा वर्षं ही मंडळी सान आगुस्तीनमध्येच राहत होती, तिथे त्यांची नाती जुळली होती, कामं होती. त्यांना परत सरहद्दीवर जायचं नव्हतं. वारंवार होणाऱ्या हल्ल्यांची भीती आहे, असं त्यांनी सांगितलं. गव्हर्नरने जबरदस्ती केली, पुढाकार घेणाऱ्या दोघांना शिक्षा केली. त्याने वर लिहूनही कळवलं की यांना पूर्ण मोकळीक हवी आहे, म्हणून हे आडमुठेपणा करतात. मोकळ्या झालेल्या माणसाने मोकळीक मागावी ही तक्रार!

१७५९ च्या मोजणीत मोसेमध्ये ६७ माणसं होती : ३७ पुरुष, १५ बायका, ७ मुलगे, ८ मुली. ताडाच्या झावळ्यांनी शाकारलेली २२ घरं. आकडे पाहिले की पुरुष जास्त आणि बायका कमी असं दिसतं. काहींच्या बायका सान आगुस्तीनमध्ये अजून गुलाम होत्या. नवरा मोकळा, तीन किलोमीटरवर गावात राहणारा, आणि बायको दुसऱ्याच्या घरी. तिला सोडवायचं तर कायद्याने पैसे जमवायचे आणि मालकाला द्यायचे. हे अंतर तीन किलोमीटरचं होतं, पण पार करायला कित्येकांना वर्षं लागली.

हे एकच गाव नव्हतं

सगळ्या स्पॅनिश अमेरिकेत पळून गेलेल्या गुलामांना ‘सिमारोन’ म्हणत आणि त्यांच्या डोंगरात-जंगलात वसवलेल्या तटबंद वस्त्यांना ‘पालेन्के’. मेक्सिकोत वेराक्रूसजवळच्या डोंगरात यांगा नावाच्या पुढाऱ्याने अशी वस्ती वर्षानुवर्षं टिकवली. १६०९ मध्ये फौज पाठवूनही ती मोडली नाही, तेव्हा सरकारला तह करावा लागला आणि सान लोरेन्सो हे मोकळ्यांचं गाव मान्य झालं. आज ते त्याच्याच नावाने ओळखलं जातं. पण तहात एक कलम होतं : यापुढे पळून येणाऱ्या गुलामांना या गावाने परत द्यायचं. कोलंबियात कार्ताहेनाजवळ बेनकोस बियोहो याचं नाव अशाच लढ्याशी जोडलेलं आहे. त्याला १६२१ मध्ये फाशी दिलं गेलं, पण सान बासिलियो दे पालेन्के हे गाव आजही आहे आणि स्पॅनिश आणि आफ्रिकी भाषांच्या मिसळणीने बनलेली स्वतःची बोलीही तिथे टिकून आहे.

या गावांपेक्षा मोसेची जातकुळी वेगळी. पालेन्के सरकारपासून लपून उभं राहिलं. मोसे सरकारच्या कागदावर, सरकारच्या तोफेखाली उभं राहिलं. म्हणूनच सरकार गेलं तेव्हा मोसेही गेलं.

क्यूबा

१७६२ मध्ये इंग्रजांनी हवाना जिंकलं. १७६३ च्या पॅरिसच्या तहात हवाना परत मिळवण्यासाठी स्पेनने फ्लोरिडा देऊन टाकला. सान आगुस्तीनमधली जवळपास सगळी, सुमारे ३००० माणसं जहाजांवर चढली. मोसेच्या लोकांना तर पर्यायच नव्हता. ज्या इंग्रजांपासून त्यांनी जीव वाचवला तेच आता राज्य करणार होते. मेनेन्देस आणि त्याचे लोक क्यूबात गेले. मातान्सासच्या भागात सरहद्दीवरच त्यांना पुन्हा जमीन मिळाली. वसाहतीचं नावही ठेवलं सान आगुस्तीन दे ला नुएवा फ्लोरिडा, म्हणजे नव्या फ्लोरिडातलं सान आगुस्तीन.

सरकारने तिथे प्रत्येक कुटुंबाला जमीन दिली, अवजारं दिली, थोडी रोख मदत दिली आणि आफ्रिकेतून नुकताच आणलेला एक गुलाम दिला.

ही नोंद पहिल्यांदा वाचली तेव्हा मी बराच वेळ तिथेच थांबले होते. तो सरकारी यादीतला एक तपशील आहे, कुदळ-फावड्याच्या ओळीतला. राज्यासाठी स्वातंत्र्य हे बक्षीस होतं आणि गुलाम हेही बक्षीसच होतं, दोन्ही एकाच कोठारातून निघायचं. लढलेल्या माणसाला मोकळं करताना त्या राजाने गुलामगिरीवर कधी बोटही ठेवलं नव्हतं. मातान्सासची रानं साफ करणं जमेना, उपासमार झाली आणि पुढे त्यांतले बरेच जण हवानाला निघून गेले.

फ्लोरिडा १७८४ मध्ये स्पेनला परत मिळाला, आणि गुलाम पुन्हा सरहद्द ओलांडून येऊ लागले. पण आता उत्तरेला नवा देश होता, अमेरिका. परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसन यांच्या दबावाखाली स्पेनने १७९० मध्ये आसऱ्याचं धोरण गुंडाळलं. जवळपास शंभर वर्षं दक्षिणेला असलेला तो रस्ता बंद झाला, आणि १८२१ मध्ये फ्लोरिडाच अमेरिकेचा भाग झाला.

चिखलाखालचं पदक

त्यानंतर मोसे विस्मरणात गेलं. पहिल्या वस्तीची जागा दलदलीत आणि पाण्यात बुडाली. १९८० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ कॅथलीन डीगन आणि इतिहासकार जेन लँडर्स यांनी एकीकडे खोदकाम आणि दुसरीकडे स्पेनमधल्या दप्तरखान्यातले कागद असं दोन बाजूंनी काम करून १७५२ मध्ये परत वसवलेल्या दुसऱ्या मोसेची जागा नक्की केली. खंदक सापडला, मातीच्या भिंतीच्या खुणा सापडल्या, मासे आणि शिंपले खाल्ल्याच्या खुणा सापडल्या. १९९४ मध्ये ही जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर झाली.

सापडलेल्या वस्तूंत एक छोटं पदक आहे, हाताने घडवलेलं. एका बाजूला सेंट ख्रिस्तोफर, लहानग्या येशूला खांद्यावर घेऊन नदी पार करणारा संत, प्रवाशांचा आणि पाणी ओलांडणाऱ्यांचा रक्षणकर्ता. दुसऱ्या बाजूला होकायंत्रावरच्या दिशांसारखं नक्षीकाम. सेंट ख्रिस्तोफर हा हवाना शहराचाही संत आहे. पदक ज्याचं होतं तो माणूस एकदा अटलांटिक ओलांडून आला असेल आणि एकदा कॅरोलिनाच्या खाड्या ओलांडून. १७६३ मध्ये तो बोटीत बसून हवानाच्या दिशेला निघाला, तेव्हा पदक मात्र मोसेच्या चिखलातच राहिलं.